इनामदार: जमीन गेली, आडनाव राहिलं

निवडणुकीच्या प्रशिक्षणाला आम्हा शिक्षकांच्या याद्या लागतात. मागे अशाच एका यादीत दोन इनामदार लागोपाठ आले. पुढे फक्त आद्याक्षरं होती. यादी वाचणाऱ्याने मान वर करून विचारलं, "यातले मुसलमान कोणते?" दोघे एकमेकांकडे पाहून हसले. एक लातूरकडचे ब्राह्मण, दुसरे नांदेडकडचे मुसलमान. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला ठाऊक आहे. तरी तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, आणि या आडनावात त्या दोन्ही भाषांचं घर आहे.

आधी शब्द पाहू. 'इनाम' हा मूळ अरबी शब्द. उर्दूत तो 'इनआम' असा लिहितात. अर्थ कृपा, देणगी, बक्षीस. नेमत आणि नईम हे शब्द याच धातूचे. सूरह फातिहामध्ये अल्लाहने ज्यांच्यावर कृपा केली त्यांचा उल्लेख येतो, तिथलं क्रियापदही याच धातूचं आहे. म्हणजे पाच वेळा नमाज पढणारा माणूस हा धातू रोज उच्चारतो. 'दार' मात्र फारसी. त्याचा अर्थ बाळगणारा, धारण करणारा. अरबी आणि फारसीची ही जोडी दख्खनमध्ये आली आणि मराठी झाली. किती मराठी झाली? मराठीने हा 'दार' उचलून आपल्या शब्दांना लावला. चवदार, धारदार, टोकदार, पाणीदार हे शब्द बोलताना आपण फारसी बोलतोय असं कुणाला वाटतं का?

आता अर्थ. आज इनाम म्हटलं की वक्तृत्व स्पर्धेतला कप आठवतो. पूर्वीचं इनाम म्हणजे जमीन, किंवा नेमकं सांगायचं तर जमिनीवरचा सरकारी महसूल. राज्यकर्ता एखाद्याला सांगायचा की या जमिनीचा सारा आम्ही घेणार नाही, तो तुमचा. कधी सारा पूर्ण माफ असे, कधी थोडी रक्कम द्यावी लागे, तिला जुडी म्हणत. कुणाला एखादं शेत इनाम मिळे, कुणाला अख्खं गाव. बहामनी, निजामशाही, आदिलशाही, मोगल, मराठे, आसफजाही अशी राज्यं बदलली, पण ही पद्धत चालू राहिली. नवा राज्यकर्ता जुनी सनद पाहायचा आणि पुष्कळदा तीच पुढे चालवायचा.

इनाम मिळे ते कामासाठी किंवा निर्वाहासाठी. आमच्या मराठवाड्यातल्या जमिनीच्या कागदांत दोन शब्द वारंवार भेटतात: खिदमतमाश आणि मदतमाश. 'मआश' म्हणजे उपजीविका. खिदमतमाश म्हणजे सेवेच्या बदल्यात दिलेली जमीन. मशिदीत नमाज पढवणारा, दर्ग्याचा मुजावर, गावचा काझी, तसाच देवळातला पुजारी. दिवा लावा, झाडलोट करा, पूजा किंवा अजान चालू ठेवा आणि त्यावर पोट भरा. मदतमाश ही एखाद्या व्यक्तीला किंवा घराण्याला निर्वाहासाठी दिलेली. घेणारा हिंदू असे, मुसलमानही असे. गावात त्याला 'इनामदार' म्हणू लागले, पुढे सरकारी कागदावर आणि शाळेच्या रजिस्टरवर तेच आडनाव म्हणून चढलं. मुसलमान इनामदारांत कितीतरी घरं मुळात सय्यद किंवा शेख आहेत. एक नाव वंशाचं, दुसरं जमिनीचं.

असं फक्त आपल्याकडेच झालं असंही नाही. इंग्रजीत फ्रँकलिन हे आडनाव आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जो सरदार नव्हता, पण स्वतःची जमीन मोकळेपणाने राखून होता, त्याला फ्रँकलिन म्हणत. बेंजामिन फ्रँकलिन यांनी आपल्या आत्मचरित्रात हे नाव एकेकाळी माणसांच्या एका वर्गाचं होतं असं नोंदवलं आहे. वर्ग गेला, आडनाव उरलं.

आमच्याकडे इनाम कसं गेलं त्याला तारीख आहे. पोलीस कारवाईनंतर 1949 मध्ये हैदराबाद संस्थानातल्या जहागिऱ्या रद्द झाल्या. मग 1954 चा हैदराबाद इनामे रद्द करण्याचा कायदा आला. धार्मिक संस्थांच्या इनामांना त्याने वेगळं ठेवलं, बाकीची बहुतेक सरकारजमा झाली आणि नंतर कब्जेदारांच्या नावे पुन्हा लागली. यावर फार हळहळण्याचं कारण नाही. इनामदाराचा सारा माफ होता, पण उन्हात राबणाऱ्या कुळाला काही माफ नव्हतं. ज्याच्या हातात नांगर, त्याचं नाव सातबाऱ्यावर यावं हे न्यायाचंच होतं.

पण कायदा झाला म्हणून प्रश्न मिटला नाही. माझ्याकडे अधूनमधून गावाकडची माणसं जुने कागद घेऊन येतात. एकदा औसा तालुक्यातले एक म्हातारे चाचा आले होते. रुमालात गुंडाळलेला कागद काढून म्हणाले, "सर, ये जरा पढ के बताव, हमारे दादा का नाम हय क्या इसमें?" तो मुंतखब होता. निजामाच्या काळी इनामांची चौकशी करणाऱ्या अतियात खात्याने दिलेला उतारा. उर्दू शिकस्ता अक्षर, सन फसली. फसलीत साधारण 590 मिळवले की इसवी सन येतो. आजोबांचं नाव निघालं. पण खाली जमीन 'खिदमत मस्जिद'साठी अशी नोंद होती. म्हणजे जमीन आजोबांची नव्हती, मशिदीची होती; आजोबा सेवेकरी होते. चाचा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तो फिर बेचने का सवालच नहीं." त्या एका शब्दाने घरातला वाद संपला असावा. मराठवाड्यात मशीद, दर्गा आणि देवस्थान यांच्या किती जमिनी हा शब्द न वाचता, किंवा वाचूनही, विकल्या गेल्या असतील याचा विचार केला की जीव कासावीस होतो.

2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा निजामकाळातले कागद वाचायला उर्दू आणि मोडी जाणणारी माणसं शोधावी लागली. मराठा समाजाच्या मुलांच्या भविष्याचा पुरावा उर्दू अक्षरांतही सापडू शकतो, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदाच कळलं.

शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथ पंडितांनी 'राज्यव्यवहारकोश' रचला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. काही पदांची नावं बदलली, पण लोकांची आडनावं काही बदलली नाहीत. चिटणीस, पारसनीस, सबनीस यांच्यातला 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. जहागीरदार, सुभेदार, किल्लेदार तसेच राहिले. आणि उलट बाजूने पाहा, पाटील आणि देशमुख ही आडनावं लावणारे मुसलमान आमच्या भागात कमी नाहीत.

पुण्यात आझम कॅम्पस उभा करणारे पी. ए. इनामदार, आणि 'राऊ' व औरंगजेबावरची 'शहेनशहा' लिहिणारे कादंबरीकार ना. सं. इनामदार. आडनाव एक, घरं दोन, भाषा मराठी.

त्या यादीतल्या प्रश्नाचं उत्तर मला आता असं द्यावंसं वाटतं: हे आडनाव धर्म सांगत नाही, काम सांगतं. कुणीतरी कधीतरी विश्वासाने काहीतरी सोपवलं होतं, एवढंच सांगतं. तुमच्या घरातही जुन्या पेटीत असा एखादा कागद असेल. वाळवीच्या तोंडी जाण्याआधी तो बाहेर काढा आणि वाचता येणाऱ्याकडे घेऊन जा. काय निघेल ते निघू द्या, पण वाचा.