गोव्याचा 'दोतोर' आणि पुढच्या पदवीची वाट

गोव्यातली जुनी माणसं डॉक्टरला अजून 'दोतोर' म्हणतात. शब्द पोर्तुगीजमधून आला, आणि मानाने आला. पण पणजीत शिकून दोतोर झालेल्या माणसाची त्या काळच्या सरकारी कागदावर काय किंमत होती, हे बघायला गेलं तर तो मान जरा उतरतो. वैद्यकात, आणि पुढे सार्वजनिक आरोग्यात, वरचं शिक्षण घ्यायचं तर आमच्या मुलांना दारं कुठली होती, एवढंच या टिपणात मांडतो.

पणजीची वैद्यकीय शाळा १८४२ ची. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं १८४५ साली, म्हणजे आपण तीन वर्षं आधी. हे आपण अभिमानाने सांगतो, सांगावंच. मात्र पणजीचं प्रमाणपत्र पोर्तुगालमधल्या पदवीच्या बरोबरीचं धरत नसत. वसाहतींच्या आरोग्य खात्यात नोकरी मिळायची, तीही दुय्यम श्रेणीची. आमचे दोतोर मोझांबिक, अंगोलापर्यंत गेले, तिथल्या साथींमध्ये राबले. पहिली श्रेणी मात्र युरोपात शिकलेल्यांची. बरोबरीचा हक्क हवा असेल तर बोटीने पोर्तुगाल गाठायचं आणि शिकलेलंच पुन्हा शिकून परीक्षा द्यायची. घरी भाटं-शेतं असल्याशिवाय हे कुणाला परवडणार?

फ्रॉयलानो द मेलो यांनी हेच केलं. जन्म १८८७, बाणावलीचे. पणजीत शिकले, मग पोर्तोला जाऊन पुन्हा पदवी घेतली, आणि तरुण वयातच पणजीच्या शाळेत शिकवायला परतले. जंतुशास्त्र आणि परोपजीवींचा अभ्यास हा त्यांचा प्रांत. गोव्याची जंतुशास्त्र संस्था त्यांनी अनेक वर्षं चालवली. क्षय आणि कुष्ठरोग यांवर काम केलं, माकाझानला कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभारलं. पुढे पणजीचे महापौर झाले, लिस्बनच्या संसदेत गोव्याचे प्रतिनिधी झाले. १९५५ साली वारले ते ब्राझीलमध्ये. माझ्या मते त्यांचं मोठेपण पोर्तोच्या कागदात नाही, परत येऊन इथल्याच रोगांवर हात घातला यात आहे. पण तो कागद नसता तर संस्था हाती आली असती का, हाही प्रश्न आहेच.

पेडणे-डिचोलीकडच्या माणसाला लिस्बनची वाट आणखी लांब. हे नव्या काबिजादीतले महाल, अठराव्या शतकाच्या शेवटी पोर्तुगीजांकडे आलेले. घरात मराठी-कोकणी, शिक्षण पंतोजींकडे; पोर्तुगीज शाळेचा संबंध थोडा. त्यांची नजर साहजिकच मुंबईकडे. पेडणे महालातले रामकृष्ण विठ्ठल लाड, म्हणजे आपले डॉ. भाऊ दाजी, लहानपणीच वडिलांबरोबर मुंबईला गेले. वडील मातीची चित्रं करून विकायचे. काठेवाड-कच्छमधल्या बालकन्याहत्येवर निबंधस्पर्धा जाहीर झाली, तिचं सहाशे रुपयांचं बक्षीस भाऊंनी मिळवलं. बघा, विषय समाजाच्या दुखण्याचाच! ग्रँट कॉलेजच्या पहिल्या तुकडीत ते शिकले, १८५१ साली बाहेर पडले आणि पुढे कुष्ठरोगावर औषध शोधत राहिले. त्यांच्या वेळी मुंबई विद्यापीठसुद्धा नव्हतं; ते १८५७ चं.

दुसरे अकासियो व्हिएगश, बार्देशातल्या हडफड्याचे. हेही ग्रँट कॉलेजचेच. १८९६ साली मांडवीच्या वस्तीत तापाचे रोगी तपासताना हा प्लेग आहे हे त्यांनी ओळखलं आणि तसं जाहीर केलं. शहराच्या व्यापारावर गदा येणार होती, तेव्हा ते बोलणं सोपं नव्हतं. धोबीतलावला त्यांचा पुतळा आहे. मुंबईला गेलात तर जरूर बघा.

सार्वजनिक आरोग्य हा वेगळा विषय म्हणून वरच्या पातळीवर शिकवण्याची सोय फार उशिरा झाली. लिस्बनला उष्णकटिबंधीय वैद्यकाची शाळा १९०२ साली निघाली, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सची १९१६ साली आणि कलकत्त्याची अखिल भारतीय संस्था १९३२ साली, रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने. कलकत्ता म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थान. गोव्याच्या मुलाला तेही परकंच राज्य.

हे सगळं उकरायचं निमित्त सांगतो. आमच्या मंडळातल्या एका सभासदाची मुलगी सध्या परदेशात सार्वजनिक आरोग्यात पीएचडी करण्यासाठी अर्ज भरते आहे. जागा मोजक्या, स्पर्धा जगभरची, प्राध्यापकांची शिफारसपत्रं, वर 'तुम्हाला हेच संशोधन का करायचंय' यावर निबंध. तिने विचारलं, "काका, गोव्यातून ह्या वाटेने आधी कोण गेलं?" मी तिला हीच तीन नावं दिली. आणि म्हटलं, निबंधात साता समुद्रापलीकडचं काही लिहू नकोस. मुरगाव बंदरातल्या कोळशाच्या धुळीचं लिही, खारीवाड्यातल्या लोकांच्या खोकल्याचं लिही. तिला ते कितपत पटलं ते अजून कळायचंय. पैशांचं मात्र आजही तसंच. शिष्यवृत्ती मिळाली नाही तर घरच्यांनी कर्ज काढायचं की नाही, यावर त्यांच्याकडे रोज बोलणं चालू आहे.

१९६१ नंतर चित्र बदललं. १९६३ साली गोवा मेडिकल कॉलेज झालं आणि ते जोडलं गेलं मुंबई विद्यापीठाला. गोवा विद्यापीठ यायला १९८५ उजाडलं. म्हणजे मधली वीसेक वर्षं पणजीत शिकलेल्याच्या पदवीवर शिक्का मुंबईचा. भाऊ दाजींची वाट आता सरकारीच झाली होती.

वास्को-मुरगावातल्या ज्या घरांत आजोबा-पणजोबा दोतोर होते, आफ्रिकेत नोकरीला होते, त्यांच्या पेटाऱ्यात जुनी प्रमाणपत्रं, नेमणुकीचे हुकूम, पोर्तोहून आलेली पत्रं असतील. मंडळाच्या बैठकीला घेऊन या. स्कॅन करून लगेच परत देऊ.