नळदुर्ग आणि ऱ्हाईनकाठचा किल्ला : जीर्णोद्धार म्हणजे नक्की काय? (थ्रेड)

१/ येडशीहून धाराशिव, तुळजापूर ओलांडून दक्षिणेस गेले की बोरी नदीच्या वळणात बेसाल्टच्या उंचवट्यावर नळदुर्ग उभा दिसतो. त्याचे महत्त्व समजण्यासाठी आधी जर्मनीतील एका टेकडीवर जावे लागेल.

२/ कोब्लेंझजवळचा स्टोल्झेनफेल्स हा मध्ययुगीन किल्ला १६८९ साली फ्रेंच सैन्याने उद्ध्वस्त केला. १८२३ मध्ये ते भग्नावशेष प्रशियाच्या युवराजाला भेट मिळाले. कार्ल फ्रेडरिक शिंकेल या वास्तुकाराच्या आराखड्यांनुसार तेथे निओ-गॉथिक राजवाडा उभा राहिला आणि १८४२ मध्ये राजाचे वास्तव्य सुरू झाले.

३/ निओ-गॉथिक म्हणजे मध्ययुगातील टोकदार कमानी व मनोऱ्यांचे १९व्या शतकातील पुनरुज्जीवन. मुंबईचे १८८८ साली पूर्ण झालेले सीएसएमटी हे त्याचे आपल्याकडील रूप. स्टोल्झेनफेल्स देखणा आहे. पण त्याच्या भिंती मध्ययुगापेक्षा मध्ययुगाविषयीच्या स्वप्नाची साक्ष अधिक देतात.

४/ त्याच शतकात नळदुर्गलाही एक स्वप्नाळू रहिवासी लाभला. १८५३ च्या तहाने हा प्रदेश निजामाकडून कंपनीकडे आला आणि फिलिप मेडोज टेलर हा अधिकारी येथे नेमला गेला. पुढे १८६३ मध्ये त्याची ‘तारा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिची नायिका तुळजापूरची, काळ अफझलखानाचा. युवराजाचे स्वप्न दगडात उतरले, टेलरचे कागदावर.

५/ नळदुर्गचे खरे वैभव मात्र कल्पनेचे नव्हे, हिशेबाचे आहे. १६१३ च्या सुमारास दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरीवर बंधारा बांधला गेला. तो मुख्य किल्ला व पलीकडचा रणमंडळ यांना जोडतो. त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात सांडव्यांवरून ‘नर-मादी’ धबधबे कोसळतात, तरी महालात बसलेला माणूस कोरडा राहतो.

६/ अशा वास्तूचा जीर्णोद्धार कसा करावा? जॉन रस्किनने १८४९ मध्येच नव्याने घडवलेल्या जुनेपणाला असत्य ठरवले होते. १९६४ च्या व्हेनिस सनदेचे सूत्रही तेच : जेथे अंदाज सुरू होतो, तेथे जीर्णोद्धार थांबावा.

७/ नळदुर्गला म्हणूनच नवे मनोरे नकोत. सांध्यांत रुजणारी पिंपळाची रोपे वेळीच काढावीत, चुन्याच्या जागी सिमेंट लिंपू नये, सांडवे मोकळे ठेवावेत. पडलेला बुरूज पडलेला दिसला तरी इतिहास बोलतो. पण चुकीचा बांधलेला बुरूज पुढच्या पिढीशी खोटे बोलतो, आणि ते खोटे दगडाइतकेच टिकते.

#नळदुर्ग #इतिहास