संघीय न्यायालयांचा फौजदारी अधिकार : हडसन व गुडविन यांचा खटला

संयुक्त संस्थानांच्या संघीय न्यायालयांनीं कोणते फौजदारी खटले आपल्यापुढें घ्यावे, हें राज्यघटनेनेंच ठरविलें होतें असा सामान्य समज आहे. छापील निवाडे ताडून पाहतां तो टिकत नाहीं. १७८९ च्या कायद्यानें जिल्हा न्यायालयांकडे किरकोळ गुन्हे सोंपविले. तीस फटके, शंभर डॉलर दंड वा सहा महिने कैद, एवढीच त्यांची मर्यादा. मोठे गुन्हे सर्किट न्यायालयांकडे गेले. परंतु संघाविरुद्ध गुन्हा म्हणावें कशास, याचा खुलासा त्यांत नाहीं. १७९० च्या कायद्यांत देशद्रोह, चांचेगिरी, सरकारी रोख्यांची बनावट इत्यादि आले. बाकीच्या कृत्यांस इंग्लंडचा रूढ कायदा लावावा किंवा कसें, हा वाद उरलाच. १७९८ त महसुलाचे कमिशनर टेंच कॉक्स यांस लांच देऊं करणाऱ्या रॉबर्ट वॉरलच्या खटल्यांत न्या. चेस यांनीं अधिकार नाकारला, न्या. पीटर्स यांनीं मानला; आणि मतभेद कायम असतां आरोपीस शिक्षा मात्र झाली!

हडसन व गुडविन हे हार्टफर्ड येथील 'कनेटिकट करंट' पत्राचे चालक. अध्यक्ष व काँग्रेस यांनीं बोनापार्टास वीस लक्ष डॉलर गुप्तपणें देऊं केले, असा मजकूर त्यांनीं १८०६ च्या मे महिन्यांत छापला. त्याबद्दल बदनामीचा आरोप आला. १७९८ च्या राजद्रोहाच्या कायद्यास कडाडून विरोध करणाऱ्या जेफर्सनच्याच कारकीर्दींत हें व्हावें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. सर्किट न्यायालयांत मतें विभागलीं व प्रश्न वर गेला. १८१२ त न्या. जॉन्सन यांनीं बहुमताचा निर्णय सांगितला : काँग्रेसनें आधीं कृत्य गुन्हा ठरवावें, शिक्षा नेमावी, न्यायालयही सांगावें, मगच अधिकार. अवमानाबद्दल दंड करणें इतकेंच अपवादादाखल राहिलें. विरुद्ध मत कोणाचें, तें निवाड्यांत नमूद नाहीं.

आमच्या मतें या निर्णयाचा पाया वाटतो तितका भक्कम नव्हता, कारण दोन्ही पक्षांच्या वकिलांनीं युक्तिवादच केला नव्हता. १८१६ त कूलिज खटल्यांत, म्हणजे खाजगी लढाऊ जहाजांनीं पकडलेलें गलबत बळानें सोडविल्याच्या प्रकरणांत, न्या. स्टोरी यांनीं प्रश्न सुटला नसल्याचें स्पष्ट म्हटलें. वॉशिंग्टन व लिव्हिंग्स्टन हेही पुनः ऐकून घेण्यास तयार होते. ॲटर्नी जनरलनीं पुनः मौन धरलें, आणि जुना निर्णय कायम झाला. पुढें १८२५ त गुन्ह्यांची विस्तृत यादी करणारा कायदा वेब्स्टर यांनीं काँग्रेसमध्यें पार पाडला. त्याच्या मसुद्यांत हात होता तो स्टोरी यांचाच.