तांबड्या पेशींचा तुरुंग

मलेरियावर प्रायमाक्विन देण्याआधी रक्तातलं जी-सिक्स-पीडी तपासतात. मुंबईतल्या पारशी कुटुंबांत या एन्झाइमची कमतरता बरीच आढळते. ही चाचणी आली कुठून, हे शोधत गेलो आणि पोचलो थेट तुरुंगात!

अमेरिकेतल्या इलिनॉयमधला स्टेटव्हिल तुरुंग. १९४४ पासून शिकागो विद्यापीठाचे डॉ. आल्व्हिंग तिथल्या कैद्यांना मुद्दाम मलेरियाची लागण करून औषधं तपासत. प्रायमाक्विनने काहींना, त्यातही बहुतेक कृष्णवर्णीयांना, काळपट लघवी होई, रक्त झपाट्याने कमी होई. दोष कुणात? त्यांच्या तांबड्या पेशींवर किरणोत्सारी क्रोमियमची खूण करून त्या धडधाकट कैद्यांच्या रक्तात सोडल्या. गोळी दिल्यावर फुटल्या त्या फक्त या पाहुण्या पेशी! म्हणजे दोष पेशीतच. १९५६ मध्ये कार्सन आणि सहकाऱ्यांनी नेमकं एन्झाइम पकडलं: पेशीला ऑक्सिडेशनपासून वाचवणारं जी-सिक्स-पीडी.

डोकं लाजवाबच, बरं का. पण मला तो सहीचा कागद खुपतो. कैदी म्हणे 'स्वेच्छेने' सही करत. शिक्षा कमी होईल ही आशा समोर असताना कसली आलीय स्वेच्छा? असो. स्टेटव्हिलमधले हे प्रयोग १९७४ मध्ये थांबले.