डाळिंब : दाडिम कुलातून मेंदी कुलात

हळद आणि सोयाबीनसाठी ओळखल्या जाणाऱ्या हिंगोली जिल्ह्यात डाळिंबाच्या बागा तुलनेने थोड्या आहेत. बागायतदारांना 'भगवा', 'गणेश' ही वाणांची नावे परिचित आहेत; मात्र या झुडपाचे कुल कोणते, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांत दीर्घकाळ मतभेद होते.

डाळिंब मूळचे इराण व लगतच्या प्रदेशातील. तेथून ते प्राचीन काळीच भारतात आले. रोमन लोक या फळास 'कार्थेजचे सफरचंद' म्हणत. त्याच अर्थाचे 'प्युनिका ग्रॅनॅटम' हे शास्त्रीय नाव लिनिअस यांनी १७५३ मध्ये दिले.

चिवट साल, टोकावरील संवर्ताचा मुकुट, अधःस्थ किंजपुट आणि थरांनी रचलेले कप्पे यांमुळे हे फळ इतरांहून निराळे ठरते. खाण्याचा दाणा म्हणजे बीजाचे रसाळ बाह्यावरण होय. या वेगळेपणामुळे डाळिंबास स्वतंत्र दाडिम कुल (प्युनिकेसी) देण्यात आले. त्यात एकच प्रजाती व दोनच जाती. पैकी दुसरी येमेनच्या सोकोत्रा बेटावर आढळते.

केवळ फळाच्या रचनेवरून कुल वेगळे करू नये, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे होते. डीएनए अभ्यासाने त्यास बळ दिले. सपुष्प वनस्पतींच्या २००३ व २०१६ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणांत डाळिंब मेंदी कुलात (लिथ्रेसी) आहे. त्यामुळे मेंदी, धायटी, शिंगाडा आणि राज्यपुष्प ताम्हण हे त्याचे आप्त ठरले. जुन्या पुस्तकांत मात्र दाडिम कुलच आढळते.

शेतकऱ्यांच्या दृष्टीनेही हा प्रश्न महत्त्वाचा आहे. झँथोमोनास जिवाणूमुळे होणाऱ्या 'तेल्या' रोगाने राज्यातील अनेक बागा उद्ध्वस्त केल्या. रोगप्रतिकारक वाण घडवताना जवळचे आप्त उपयोगी पडतात. परंतु कुल एक असले, तरी मेंदीशी डाळिंबाचा संकर होत नाही, आणि प्रजातीत दुसरी जाती एकच. म्हणून हिमालयातील रानटी डाळिंबासारख्या, त्याच जातीतील विविधतेवरच मुख्य भिस्त राहते. 'भगवा' हा वाणही 'गणेश' आणि 'गुल-ए-शाह रेड' या डाळिंबांच्याच संकरातून आला. सोलापूर येथे २००५ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र या पिकावर काम करते.

पूर्णा व कयाधूकाठच्या पाणी धरून ठेवणाऱ्या भारी जमिनी डाळिंबास मानवत नाहीत. हलकी, निचऱ्याची जमीन आणि रोगमुक्त रोपे यांची निवड लागवडीपूर्वीच करणे आवश्यक आहे.