खाण तशी माती : पडवीतला कुत्रा, जाहिरातीतला पग आणि न पाहिलेली आई

१/
पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर आहुपे हे महादेव कोळी समाजाचे गाव आहे. घोडेगावहून डिंभे धरणाच्या पाण्याला वळसे घालत रस्ता इथवर येतो. पुढे कडा आणि कड्याखाली ठाणे जिल्ह्यातला मुरबाड तालुका. एका बाजूला जुनी देवराई, सभोवती भीमाशंकर अभयारण्याचे रान. कुत्र्यांच्या बाजाराचा इतिहास समजून घ्यायचा तर सुरुवात अशा गावच्या पडवीतून करावी, कारण हा बाजार तिथे नव्हता.

२/
पडवीत झोपणारा गावठी कुत्रा मध्यम चणीचा, आखूड केसांचा, लांब तोंडाचा, उभ्या कानांचा. त्याची ‘पैदास’ कोणी ठरवून केली नाही. त्याला घडवले ते चार महिन्यांच्या कोसळत्या पावसाने, तुटपुंज्या भाकरीने आणि बिबट्याने. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला. त्यात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. ज्याला नीट ऐकू येत नाही, ज्याला धावताना धाप लागते, त्याचा वंश अशा मुलखात टिकत नाही.

३/
ही निवड दयाळू नव्हे. पश्चिम बंगालमधल्या भटक्या कुत्र्यांच्या एका अभ्यासात पाचांपैकी सुमारे चार पिल्ले वयात येण्याआधीच दगावली. खरूज, उपासमार, पिसाळणे हे सारे गावकुसाच्या कुत्र्याच्या वाट्याला आलेच. म्हणून गावठी कुत्र्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मात्र त्याच्या शरीरात असे काही शिरले नाही, जे केवळ माणसाच्या डोळ्यांना गोंडस वाटते म्हणून जपले गेले.

४/
दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. खेड्यात पिल्लू विकत घेण्याची रीत नव्हती. ते मागून आणायचे. कुत्री व्याली की कोणाच्या गोठ्यात व्याली हे आळीला ठाऊक असे. ती राखणीला कशी, शेळ्यांच्या अंगावर जाते का, पोरांना चावते का, याची वेगळी चौकशी करावी लागत नसे. ‘खाण तशी माती’ ही म्हण माणसांच्या लेकीबाळींसाठी वापरली जाते, पण जनावर पारखणाऱ्याचा पहिला नियमही तोच होता.

५/
पैसे मोजून जनावर घ्यायचे तेव्हा तर पारख अधिकच कडक. जुन्नर तालुक्यातला बेल्ह्याचा बैलबाजार प्रसिद्ध आहे. बाजारात शेतकरी बैलाचे तोंड उघडून दात पाहतो : अदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. खूर पाहतो, भोवरा पाहतो, चालवून पाहतो. किंमत रुमालाखाली बोटांनी ठरते, पण जनावर मात्र उघड्यावर तपासले जाते. निरक्षर शेतकऱ्यालाही ही विद्या अवगत होती.

६/
महाराष्ट्राच्या श्रद्धेत कुत्र्याला मान आहे. खंडोबासोबत कुत्रा असतो, दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचे स्मारक संगम माहुलीला आहे; त्याने वाघापासून महाराजांचे प्राण वाचवले, अशी कथा सांगतात. या साऱ्यात कुत्रा आहे तो सोबती आणि राखणदार म्हणून.

७/
निवडून वाढवलेली जातही मराठी मुलखाला अनोळखी नव्हती. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकाच्या कोरड्या पट्ट्यातला लांब पायांचा, अरुंद तोंडाचा शिकारी कुत्रा म्हणजे कारवानी. व्यापारी तांड्यांबरोबर आला म्हणून हे नाव, असे मानतात. माळावर सशामागे जो पळू शकेल, त्याचीच पिल्ले पुढे ठेवायची, ही तिथली कसोटी.

८/
घोरपडे घराण्याच्या मुधोळ संस्थानाने या जातीला राजाश्रय दिला. राजे मालोजीराव घोरपडे यांनी ब्रिटिश राजा पाचवा जॉर्ज याला या कुत्र्यांची भेट दिली आणि तेव्हापासून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले, असे सांगितले जाते. संस्थानिकाचा शौक होता खरा. तरीही कुत्र्याची परीक्षा धावण्यात होती, आरशात नव्हती.

९/
आरसा आला तो इंग्लंडातून. १८५९ साली न्यूकॅसल येथे आधुनिक पद्धतीचे पहिले श्वानप्रदर्शन भरले. १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला. प्रत्येक जातीचे ‘आदर्श रूप’ कागदावर लिहिले गेले, वंशावळीची वही तयार झाली. पुढे नियम असा झाला की नोंद असलेल्या आईबापांच्या पिल्लांनाच नोंद मिळेल. वहीची दारे मिटली.

१०/
त्याचे परिणाम सावकाश दिसू लागले. बक्षीस मिळवणाऱ्या एकाच नराकडे देशभरातल्या माद्या नेल्या जात. काही पिढ्यांत सारी जात एकमेकांची चुलत-मावस भावंडे होऊन बसे. दडून राहिलेला एखादा दोष आईकडून आणि बापाकडूनही पिल्लात उतरला की उघडा पडतो. खुब्याचे सांधे, हृदय, डोळे यांचे आनुवंशिक आजार काही जातींना चिकटले ते असे.

११/
बुलडॉगचे उदाहरण बोलके आहे. बैलाशी झुंजणारा हा कुत्रा १८३५ च्या ब्रिटिश कायद्याने झुंजी बंद झाल्यावर बेकार झाला. काम गेले, पण रूप उरले. आणि प्रदर्शनात ते रूप अधिकाधिक ठळक केले गेले. डोके एवढे मोठे आणि कंबर एवढी अरुंद झाली की, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासानुसार, या जातीच्या ८० टक्क्यांहून अधिक वेतांत पोट फाडून पिल्ले काढावी लागत होती.

१२/
पगची कथाही तशीच. मूळचा चीनच्या राजदरबारातला हा छोटा कुत्रा युरोपात पोचला. इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थ याने १७४५ साली स्वतःच्या चित्रात आपला पग रंगवला आहे. त्या पगला ठळक नाक आहे, पुढे आलेले तोंड आहे. आजच्या पगचा सपाट चेहरा म्हणजे जातीचा प्राचीन वारसा नव्हे. तो नंतरच्या निवडीचा परिणाम आहे.

१३/
कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून जीभ, तोंड आणि नाकातल्या ओलाव्याची वाफ करायची, हाच त्याचा थंड होण्याचा मुख्य मार्ग. जबडा आखूड केला, पण आतली टाळू आणि मांस त्या मानाने आखूड झाले नाही. श्वासाची वाट बुजली. घोरणारा पग गोड वाटतो, पण ते घोरणे बहुधा अडलेल्या श्वासाचा आवाज असते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अशा कुत्र्यावर काय गुदरत असेल, याची कल्पना करावी.

१४/
आणि नेमका हाच कुत्रा भारतात घरोघरी पोचला. २००३ साली ‘हच’ या मोबाइल कंपनीची जाहिरात आली : एक लहान मुलगा आणि त्याच्या मागे मागे फिरणारा पग. जाहिरात ‘ओगिल्वी’ची, कुत्र्याचे नाव चीका. जाहिरात अत्यंत गाजली आणि पगची मागणी व किंमत दोन्ही झपाट्याने वाढली. कंपनीला विकायचे होते मोबाइलचे जाळे. पण लोकांनी कुत्राही विकत घेतला.

१५/
मागणी अचानक वाढली तरी कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचाच असतो. मग पुरवठा वाढवायचा कसा? तीच मादी दर माजाला लावायची. मिळेल तो नर वापरायचा, मग तो भाऊ असो वा मुलगा. पिल्लू चार-पाच आठवड्यांचे असतानाच आईपासून तोडायचे, कारण लहान पिल्लू गोंडस दिसते आणि खायलाही कमी लागते.

१६/
या घाईची किंमत पिल्लू मोजते. आईच्या दुधातून आलेले संरक्षण ओसरत असते, लशीचे संरक्षण अजून पुरते आलेले नसते. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला पार्व्होचा विषाणू नेमका याच फटीतून शिरतो. उलट्या, रक्ताचे जुलाब आणि अनेकदा काही दिवसांत मृत्यू. जे जगते त्याचेही शिक्षण अर्धवट राहते. चावा किती जोरात घ्यायचा, कोणाला भ्यायचे, कोणाला नाही, हे पिल्लू आई आणि भावंडांत शिकते. पुढे ‘कुत्रा चावरा निघाला’ म्हणून त्याला घराबाहेर काढले जाते.

१७/
कायदा फार उशिरा जागा झाला. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. तो आजही तेवढाच आहे. परदेशी कुत्र्यांची पैदाशीसाठी होणारी व्यापारी आयात एप्रिल २०१६ मध्ये रोखण्यात आली. त्याआधी २०१५ साली न्या. अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने आपल्या २६१ व्या अहवालात पाळीव प्राण्यांची दुकाने आणि कुत्र्यांची पैदास यांवर नियंत्रण आणण्याची शिफारस केली होती.

१८/
मे २०१७ मध्ये केंद्राने कुत्र्यांची पैदास व विक्री यांचे नियम काढले. पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलीच पाहिजे. मादी १८ महिन्यांची होण्याआधी आणि आठ वर्षांची झाल्यानंतर तिच्याकडून पिल्ले घेता येणार नाहीत. आयुष्यात पाचांहून अधिक वेते नाहीत. आठ आठवड्यांआधी पिल्लाची विक्री नाही. नीट पाहिले तर हे सारे नियम एका दुर्लक्षित जिवाविषयी आहेत, तो जीव म्हणजे आई.

१९/
पण नोंदणीविना चालणारी विक्री थांबलेली नाही. बंद खोलीतल्या मादीने कितवे वेत दिले, हे निरीक्षकाला कोण सांगणार? ते पाहू शकतो तो पिल्लू घ्यायला आलेला माणूसच. आणि तो तर मोबाइलवर फोटो पाहून आगाऊ रक्कम पाठवतो, पिल्लू रस्त्यावर एखाद्या गाडीतून ताब्यात घेतो. आई कुठे आहे, असे विचारावे हेच त्याला सुचत नाही.

२०/
देशी जात घेतली म्हणजे हा प्रश्न सुटला असेही नाही. ३० ऑगस्ट २०२० रोजी ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी मुधोळ, राजापालयम अशा भारतीय जातींचा गौरव केला, आणि मुधोळची मागणी वाढल्याच्या बातम्या आल्या. माळावर वाऱ्यासारखा धावणारा हा कुत्रा दोन खोल्यांच्या सदनिकेत साखळीला बांधला, तर दोष जातीचा नाही. फॅशन देशी झाली तरी ती फॅशनच.

२१/
मार्च २०२४ मध्ये केंद्राने परिपत्रक काढून २३ ‘हिंस्र’ जातींची पैदास आणि विक्री रोखण्यास राज्यांना सांगितले. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. या वादात चर्चा झाली ती जातींच्या नावांची. तो कुत्रा कोणी, कसा, कोणत्या आईपासून वाढवला आणि कोणाला विकला, हा प्रश्न मागेच राहिला.

२२/
मुंबईचे डबेवाले प्रामुख्याने मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर, अकोले याच पट्ट्यातले. इथल्या कित्येक घरांची एक पिढी गावात, दुसरी शहरात. बेल्ह्याच्या बाजारात बैलाचे दात मोजणारे आजोबा आणि फोटो पाहून पिल्लू मागवणारा नातू यांच्यात अंतर दोनच पिढ्यांचे. नातू आजोबांहून कमी बुद्धीचा नाही. अधिक शिकलेलाच आहे. पण बाजाराने त्याच्यापासून आई लपवली, आणि पाहण्याची सवयच मोडली.

२३/
ही सवय परत आणणे अवघड नाही. नोंदणी क्रमांक मागावा. जागेवर जावे. आईला पाहावे : तिचे अंग भरलेले आहे की सडे लोंबलेली, बरगड्या दिसणारी ती एक थकलेली मादी आहे? तिला मोकळे श्वास घेता येतात का? हे तिचे कितवे वेत? आई दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून रिकाम्या हाताने परतावे. ‘बिचाऱ्याला सोडवू या’ म्हणून दिलेले पैसे त्याच मादीच्या पुढच्या वेताची सोय करतात.

२४/
आणि कुत्रा कामासाठी नव्हे, सोबतीसाठीच हवा असेल, तर गावोगावी आणि शहरांतल्या निवारा केंद्रांत पिल्ले आजही मागून मिळतात. आहुप्याच्या पडवीतल्या कुत्र्याला वंशावळीचा कागद नाही. पण पाऊस उघडला की तो उठतो, अंग झाडतो, लांब नाकाने मोकळा श्वास घेतो आणि रानाच्या दिशेने कान टवकारतो. त्याची आई कोणती, हे त्या आळीला ठाऊक असते.