पहिला लिफाफा

मागच्या महिन्यात ऑफिसात माझ्या गळ्यात एक नवीनच काम पडलं. एका प्रोजेक्टसाठी बाहेरची कंपनी निवडायची होती आणि आलेल्या तांत्रिक प्रस्तावांना मार्क द्यायला तिघांना बसवलं, त्यात मी एक. दोन दिवस वाचून एवढंच कळलं की सगळ्यांचं सगळंच उत्तम आहे! प्रत्येकाकडे अनुभव, प्रत्येकाकडे तज्ज्ञ, प्रत्येकाच्या शेवटच्या पानावर हसरी माणसं. आणि मला आठवत होती याआधीची अशीच एक निवड. सादरीकरणाला आलेली हुशार मंडळी काम मिळाल्यावर जी गायब झाली ती झालीच. कामावर आली ती कालपरवा कॉलेजातून बाहेर पडलेली पोरं. बिचारी पोरं चांगली होती, पण आम्ही मार्क दिले होते ते भलत्यांनाच.

त्या शनिवारी डोकं शांत करायला लोणावळ्याला निघालो. एक्स्प्रेसवेला गर्दी म्हणून येताना जुन्या रस्त्याने घाट उतरलो आणि शिंगरोबाच्या देवळापाशी थांबलो. गोष्ट तुम्ही ऐकली असेलच: या धनगराने साहेबाला घाटातली वाट दाखवली आणि बक्षीस म्हणून गोळी खाल्ली. दंतकथा आहे, पण ड्रायव्हर लोक अजून इथे नाणं टाकतात. म्हटलं, घाटातला पहिला टेक्निकल कन्सल्टंट हाच. आणि मग डोक्यात किडा वळवळला, की याच घाटात कंत्राटदार निवडताना लोकांनी काय पाहिलं असेल?

तर आधी १८५५-५६ सालात जाऊ. जीआयपी रेल्वेला बोर घाट चढायचा होता. चीफ इंजिनिअर जेम्स बर्कली. सुमारे २५ किलोमीटर लांबी, १८३१ फूट चढ, २५ बोगदे, ८ मोठे पूल. हे काम मिळालं विल्यम फॅव्हिएल याला. आजच्या कोणत्याही तक्त्यात बसवा, 'तत्सम कामाचा अनुभव' या रकान्यात त्याला पैकीच्या पैकी मिळाले असते. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही जी पहिली आगगाडी धावली, तिचा मार्ग बांधणाऱ्या कंत्राटदारांत हाच होता. हिंदुस्थानात रेल्वे बांधल्याचा याहून मोठा दाखला तेव्हा कुणाकडे असणार?

पण ठाण्यापर्यंतचा मार्ग सपाटीचा आणि घाट तो घाट. कडा फोडायची, दोरावर लोंबकळून सुरुंगाची भोकं पाडायची, पावसाळ्यात सगळं ठप्प. हजारो मजूर लागत, आणि ते आणायचे पोटकंत्राटदारांमार्फत. मजुरीचे पैसे मधल्यामधे अडकू लागले, गळू लागले. जानेवारी १८५९ मधे मजुरांचा संयम सुटला आणि दंगल झाली. सरकारी चौकशी लागली. दोन महिन्यांत, मार्च १८५९ मधे, फॅव्हिएलने कंत्राट सोडलं.

म्हणजे बघा, अनुभव खोटा नव्हता. फक्त तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर होता.

मग आला सॉलोमन ट्रेडवेल. हाही इंग्लंडातला नावाजलेला माणूस. सप्टेंबर १८५९ मधे तो इथे पोचला आणि काही आठवड्यांतच आजाराने गेला. आमच्या धंद्यात याला 'बस फॅक्टर' म्हणतात: किती माणसं बसखाली आली तर प्रोजेक्ट बसेल? इथे उत्तर होतं, एक. पण काम बसलं नाही. त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट सोडलं नाही. ॲडमसन आणि क्लाउझर या दोघांना काम चालवायला नेमलं आणि पुढे नेलं. १८६१ च्या सुरुवातीला घाटात एका वेळी ४२ हजार माणसं कामावर होती. साथींनी आणि अपघातांनी हजारो मेली, त्यांची नावं कुठल्याच कागदावर नाहीत. एप्रिल १८६३ मधे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाटाचं उद्घाटन झालं. गंमत अशी की निवड करताना जिचा विचार कुणी केला असण्याची शक्यता नाही, तिच्यामुळे काम तरलं.

गोष्ट इथे संपली असती तर छान झालं असतं. पण उद्घाटनाला जेमतेम चार वर्षं झाली आणि जुलै १८६७ मधे घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. कारण निघालं निकृष्ट बांधकाम. बाहेरून घडीव दगड आणि आत काय भरलंय ते दिसत नाही. बर्कली तोवर वारला होता, कंत्राटदाराचा हिशेब मिटला होता. जे दिसत नव्हतं ते चार पावसाळ्यांनी दाखवलं.

आता उडी मारून १९९७ मधे येऊ, त्याच घाटात. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेचा व्यवहार्यता अहवाल राइट्सने १९९४ मधे दिला होता, अंदाज ११४६ कोटी रुपये. मार्च १९९७ मधे काम रस्ते विकास महामंडळाकडे, म्हणजे एमएसआरडीसीकडे आलं. तेव्हाचे बांधकाम मंत्री नितीन गडकरी यांनी नंतर अनेकदा सांगितलेली गोष्ट तुम्हाला माहीत असेल: रिलायन्सचा ३६०० कोटींचा देकार नाकारला आणि महामंडळाने रस्ता सुमारे १६३० कोटींत केला. (दोन आकडे सरळसरळ तोलू नयेत. 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' पद्धतीत भांडवल उभं करण्याची जोखीमही खासगी कंपनीची असते. पण ते असो.)

मला गंमत वाटली ती तारखांची. टेंडरची जाहिरात देशभरच्या पेपरांत आणि इंटरनेटवरही दिली. १९९७ मधे! १३३ टेंडर विकली गेली, १८ डिसेंबर १९९७ ला ५५ भरून आली. तांत्रिक आणि आर्थिक तपासणी झाली आणि १ जानेवारी १९९८ ला चार कंत्राटदारांना कार्यादेश. १४ दिवस! लोणावळा-खंडाळा बायपासची टेंडरं तर २४ ऑगस्ट १९९८ ला आली आणि ४ सप्टेंबरला कार्यादेश निघाले. ११ दिवस. आम्ही आमच्या मूठभर प्रस्तावांवर महिना घालवला, हे मी कुणाला सांगणार नाहीये.

इतक्या झटपट कसं होतं? सरकारी टेंडरात पहिला लिफाफा तांत्रिक, दुसरा दराचा. पहिल्यात पास झालात तरच दुसरा उघडायचा, आणि मग सर्वात कमी दर तो जिंकला. पहिल्या लिफाफ्यात निबंध वाचायचा नसतो, बहुतेक प्रश्न हो की नाही असेच असतात. उलाढाल एवढी आहे का? असं काम आधी केलंय का? यंत्रसामग्री आहे का? बयाणा रक्कम भरली का?

यातलं मला सर्वात आवडलेलं सूत्र म्हणजे निविदा क्षमता: अ गुणिले न गुणिले २, वजा ब. 'अ' म्हणजे गेल्या पाच वर्षांतलं सर्वात जास्त काम केलेल्या वर्षाची रक्कम, 'न' म्हणजे या कामाची मुदत वर्षांत, 'ब' म्हणजे त्याच मुदतीत हातातली उरलेली कामं. (२ च्या जागी काही टेंडरांत २.५ असतात.) समजा कुणी एका वर्षात २०० कोटींचं काम केलंय आणि नवीन काम दोन वर्षांचं आहे. मग २०० गुणिले २ गुणिले २, झाले ८००. हातात ६५० कोटींची कामं आहेत. उरले १५०. मग ३०० कोटींच्या कामाला तो कितीही मोठा असो, बाद! चार ओळींचा कोड. 'आमच्याकडे भरपूर माणसं आहेत' या वाक्याला एवढं सरळ उत्तर आमच्या धंद्यात कुणी शोधलेलं नाही.

पण हा लिफाफा कितीही नीट वाचला तरी तो कंत्राटदाराचा भूतकाळ सांगतो. पोटकंत्राटदार मजुरांना पैसे वेळेवर देईल का, मुख्य माणूस टिकेल का, दगडामागे चुना किती पडेल, यातलं काहीही त्यात नसतं. आणि डोंगराचं तर वेगळंच. एक्स्प्रेसवे २००२ मधे पूर्ण सुरू झाला. जुलै २०१५ मधे आडोशी बोगद्यापाशी दरड कोसळून माणसं गेली. त्यानंतर कड्यांना जाळ्या बसवायच्या कामाने जोर धरला. ज्या डोंगराला कापून वाट काढली, तो कुठल्याच लिफाफ्यात सही करत नाही. तेव्हा मला वाटतं, पहिल्या लिफाफ्याचं काम नालायकांना बाहेर ठेवणं एवढंच. तो १४ दिवसांत होवो नाहीतर महिन्यात. दर्जा ठरतो कार्यादेशानंतर: रोज कोण साइटवर उभा राहतो, झाकायच्या आधी काम कोण तपासतो, बिल कशाच्या बदल्यात निघतं आणि दोषदुरुस्तीची मुदत किती, यावर.

सोमवारी मार्कांचा तक्ता भरून दिला. पहिल्या दोघांत फरक तीन मार्कांचा, म्हणजे काहीच नाही. खाली मात्र तीन अटी लिहिल्या: प्रस्तावात नावं असलेली माणसं न विचारता बदलायची नाहीत, काम पुढे दुसऱ्याला द्यायचं तर आधी कळवायचं, आणि दर टप्प्याचे पैसे आमच्या टेस्ट पास झाल्यावरच. बॉस म्हणाला, "अरे, हे मार्कांत कुठे बसतं?" म्हटलं, बसत नाही, म्हणूनच खाली लिहिलंय.

दोन अटी त्याने मान्य केल्या. माणसांच्या नावांची अट अजून वकिलाकडे अडकली आहे. पुढच्या वेळी घाट उतरताना शिंगरोबाला एक नाणं टाकणार आहे.